तीन शास्त्रांच्या सीमेवर : दामोदर धर्मानंद कोसंबी

आपल्या या कर्मभूमीत, बंगळुरात, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र आणि गणित यांचे अभ्यासक आज एकाच चर्चासत्रात बसलेले दिसतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची दोन केंद्रे, एक जीवविज्ञानाचे व दुसरे सैद्धांतिक विज्ञानांचे, याच नगरीत आहेत. या मातृसंस्थेचा जन्मही येथलाच. १ जून १९४५ रोजी भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात होमी भाभा यांनी तिचा आरंभ केला आणि पुढे ती मुंबईस गेली. त्याच वर्षी तिच्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून दाखल झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे या तिन्ही शास्त्रांच्या सीमेवर वावरलेले विद्वान होत.

त्यांचा जन्म गोव्यातील कोसबें येथे ३१ जुलै १९०७ रोजी झाला. बौद्ध धर्माचे थोर पंडित धर्मानंद हे त्यांचे वडील. त्यांच्यासमवेत अमेरिकेस गेलेले दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

१९३० मधील त्यांचा पहिला शोधनिबंध लंबवर्तुळी कक्षेसंबंधी असून तो पदार्थविज्ञानाच्या नियतकालिकात आला. १९४३ मध्ये त्यांनी मांडलेले संख्याशास्त्रीय प्रमेय पुढे कारूनेन आणि लोएव्ह या परदेशी गणितज्ञांच्या नावे रूढ झाले. जीवशास्त्रज्ञांपुढे तेव्हा वेगळाच पेच होता. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर त्यांच्या पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून काढावयाचे. परंतु गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली, तर दुसरी पहिलीला झाकून टाकते. शिवाय एक अदलाबदल जवळच्या दुसरीस अटकाव करते. हा अटकाव अंतराबरोबर ओसरतो हे ध्यानी घेऊन कोसंबींनी १९४४ मध्ये एक सूत्र दिले. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे संशोधक आजही ते त्यांच्याच नावाने वापरतात. प्राचीन चांदीची नाणी तोलून, हातोहाती फिरताना त्यांची किती झीज झाली यावरून त्यांचा कालक्रम लावण्यातही त्यांनी गणित राबविले. त्यातूनच त्यांचे पाऊल इतिहासाकडे वळले.

या स्वैर संचाराची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९५९ मध्ये रीमानच्या सुप्रसिद्ध अनुमानाची सिद्धता संभाव्यताशास्त्राच्या आधारे दिल्याचा दावा त्यांनी कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. गणितज्ञांनी तो ग्राह्य मानला नाही. संख्यासिद्धांताच्या जाणकारांसमोर फळ्याशी उभे राहून, शंकांना तोंड देत तो आधी पारखला गेला असता, तर उणीव वेळीच उमगली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेशी त्यांचा संबंध संपला. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करीत असतानाच, २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवर्तले.

परक्या विषयात शिरण्याचे धाडस कोसंबींपाशी उदंड होते; मात्र त्या विषयातील जाणकारांनी अडवून प्रश्न विचारावेत, अशी बैठक त्यांच्या वाट्यास नेहमी आली नाही. ती आज आपल्या शहरात मांडलेली आहे. आपल्या घरातील एखादा गणिताचा विद्यार्थी जीवशास्त्राच्या व्याख्यानास जाऊन बसला, तर तो वेळ वाया घालवतो आहे असे पालकांनी समजू नये. कोसंबींचे ते सूत्र अशाच वाट सोडून जाण्यातून हाती लागले होते.