समुद्रवेडी रेचल

समुद्र म्हटलं की आपल्याला लाटा, होड्या, फार तर बाजारातले मासे आठवतात. पण या सगळ्याचा पाया आहे तो पाण्याबरोबर वाहणाऱ्या चिमुकल्या जिवांचा. त्यांना प्लवक म्हणतात. त्यातले बरेचसे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. वनस्पती-प्लवक उन्हावर अन्न तयार करतात, त्यांना बारीक प्राणी खातात आणि त्या प्राण्यांवर मासे जगतात. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा समुद्रातले हेच जीव देतात, बरं का! हे जग सामान्य वाचकांच्या घरात नेलं रेचल कार्सनने.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेलचा. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. घरची ओढाताण, पण आईने लेकीला रानावनाची गोडी लावली. लेखिका व्हायला कॉलेजात गेलेली ही मुलगी जीवशास्त्राकडे वळली. १९२९ मध्ये वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेली, तेव्हा कुठे तिने समुद्र पाहिला. वय वर्षं बावीस!

डॉक्टरेट मात्र पैशांअभावी राहिली. १९३५ मध्ये वडील गेले, १९३७ मध्ये बहीण गेली. आई आणि दोन भाच्या यांची जबाबदारी रेचलवर आली. सरकारी मत्स्य खात्यात नोकरी करून ती रात्री लिहीत बसे. १९४१ मध्ये पहिलं पुस्तक आलं. त्यात प्लवकांबरोबर तरंगत जन्मणाऱ्या मॅकरेल माशाची कहाणी होती. ते फारसं खपलं नाही, पण ती खचली नाही. १९५१ च्या 'द सी अराउंड अस'ने तिला घराघरांत पोचवलं. पुढच्याच वर्षी तिने नोकरी सोडली.

मला तिचं खरं मोठेपण दिसतं ते पुढे. १९५७ मध्ये भाची वारली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला पन्नाशीच्या रेचलने पोटाशी धरलं. त्याच सुमारास तिने कीटकनाशकांवर लिहायला घेतलं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक तळ्यात चिलटं मारायला औषध टाकलं होतं. पाण्यात ते अगदी नाममात्र होतं. पण ते प्लवकांत साठलं, तिथून माशांत आणि मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांत गेलं. दर पायरीला वाढत गेलं. शेवटी पक्षी पटापट मेले. १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये तिने हे मांडलं. कंपन्या तिच्यावर तुटून पडल्या. तेव्हा तिला स्तनाचा कर्करोग झालेला होता. विरोधकांना निमित्त मिळू नये म्हणून तिने तो लोकांपासून लपवला. १४ एप्रिल १९६४ ला ती गेली, छप्पन्नाव्या वर्षी. अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये.

समुद्रात प्लवकांहूनही लहान असे विषाणू किती प्रचंड आहेत, हे १९८९ मध्ये कळलं. चमचाभर पाण्यात ते कोट्यवधी असू शकतात. ते सूक्ष्मजीवांना फोडतात आणि त्यातून सुटलेल्या द्रव्यांवर दुसरे जीव पोसतात. हे वाचायला रेचल हवी होती, असं मला वाटतं.

फवारणीचा पंप ओढ्यात धुताना कुणी दिसलं, की मी त्यांना त्या तळ्याची गोष्ट सांगते. तुम्हीही सांगा. दिसत नाही ते क्षुल्लक नसतं, हे या बाईने आजारपणातही लिहून ठेवलं. आपल्याला निदान बोलता तरी येईल, नाही का?