रेडिंगचे बिस्किटवाले जोसेफ हंटली

बिस्किटांचा रिकामा डबा फेकून देणारे घर आमच्या पाहण्यात क्वचितच आले असेल. कोणी त्यात सुईदोरा ठेवितो, कोणी जमिनीचे कागद, कोणी पुढच्या पेरणीचे बी. खाऊ दोन दिवसांत संपतो आणि डबा वीस वर्षे टिकतो. पत्र्याच्या डब्यात बिस्किटे भरून ती देशोदेशी पाठविण्याबद्दल ज्या दुकानाची ख्याती झाली, त्याच्या मूळ संस्थापकाचे वृत्त आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जोसेफ हंटली यांचा जन्म इ. स. १७७५ मध्ये इंग्लंड देशात झाला. ते क्वेकर पंथाचे होते. ह्या पंथाच्या लोकांस मित्रमंडळी असेही म्हणतात. त्यांच्या जुन्या रीतीच्या उपासनेत पाळक नसतो. सर्व जण स्तब्ध बसतात व ज्यास अंतःकरणात प्रेरणा होईल तो उठून बोलतो. मनुष्याचे होय ते होयच असावे म्हणून ते न्यायाधीशासमोरही शपथ घेत नसत. त्या काळच्या नियमांमुळे ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या त्यांस मिळत नसत. ह्यामुळे त्यांच्यातील पुष्कळ हुशार माणसे व्यापारात शिरली. तेथे त्यांनी एक नवीच चाल पाडली. मालाची किंमत एकदाच सांगावयाची, आणि ती सर्वांस सारखी. घासाघीस नाही. आमच्या आठवडे बाजारात जन्म काढलेल्या वाचकांस ही गोष्ट विचित्र वाटेल. परंतु लहान मुलास पैसे देऊन दुकानात पाठविले तरी ते फसणार नाही, अशी खात्री ज्या दुकानाविषयी असते तेथे गिऱ्हाईक आपोआप येते. चॉकलेट करणारी फ्राय, कॅडबरी व राउंट्री ही प्रसिद्ध घराणी ह्याच पंथाची.

इ. स. १८२२ मध्ये हंटली यांनी रेडिंग गावी लंडन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर बिस्किटांचे एक लहानसे दुकान उघडले. तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटली होती. ज्या वयात आपल्याकडचे पुष्कळ जण आता मुलांनी पाहावे असे म्हणू लागतात, त्या वयात ह्या गृहस्थांनी भट्टी पेटविली. जागा मात्र त्यांनी चांगली पाहिली होती. लंडनहून पश्चिमेकडे जाणाऱ्या घोडागाड्या त्याच रस्त्याने जात व समोरच्या क्राउन नावाच्या खाणावळीपाशी थांबत. घोडे बदलेपर्यंत उतारू खोळंबून राहत. हंटली यांनी एका पोऱ्यास टोपली देऊन त्या गाड्यांपाशी पाठविण्यास आरंभ केला. उतारू बिस्किटे विकत घेत, वाटेत खात, आणि घरी पोहोचल्यावर तशीच आपल्या गावी मिळावी अशी इच्छा करीत. अशा रीतीने जाहिरातीचा एक पैसाही न खर्चिता दुकानाचे नाव दूरच्या गावांत गेले.

पण नाव गेले तरी माल कसा जावा? बिस्किटाचा सर्व जीव त्याच्या कोरडेपणात असतो. हवेतला ओलावा लागला की ते मऊ पडते, आणि गाडीच्या धक्क्यांनी त्याचा चुरा होतो. ह्यावर तोड निघाली ती घरातच. हंटली यांस थॉमस व जोसेफ असे दोन पुत्र होते. वडील पुत्र थॉमस भट्टीकडे राहिला. धाकट्याने १८३२ मध्ये त्याच रस्त्यावर लोखंडी सामानाचे व पत्र्याच्या कामाचे दुकान घातले आणि बापाच्या बिस्किटांसाठी घट्ट झाकणाचे डबे तो करून देऊ लागला. आम्हांस ही गोष्ट फार मोलाची वाटते. दोन्ही मुलांस एकाच भट्टीपुढे बसविण्याचा हट्ट बापाने धरिला असता, तर कदाचित त्या भट्टीवरून दोघे भाऊ भांडले असते आणि डबा काही झाला नसता.

१८३८ मध्ये प्रकृती बिघडल्यामुळे हंटली यांनी धंदा थॉमसच्या स्वाधीन केला. त्यानंतर दोनच वर्षांनी मोठे संकट आले. १८४० मध्ये लंडनहून रेडिंगपर्यंत आगगाडी सुरू झाली. ज्यांच्या खोळंब्यावर हे दुकान उभे राहिले होते त्या घोडागाड्या हळूहळू बंद पडणार, हे उघड दिसू लागले. उतारूच नाही तर पोऱ्याने टोपली घेऊन कोठे जावे?

१८४१ मध्ये थॉमसने जॉर्ज पामर नावाच्या तरुणास भागीदार करून घेतले. हा त्याच पंथाचा, नात्यातलाच, वयाने अवघा तेवीस वर्षांचा होता. पीठ दळण्याचे व मिठाईचे काम तो टाँटन येथे शिकला होता. हाताने होणारे काम वाफेच्या यंत्रावर अखंड चालावे, ह्याच्या तो मागे लागला. आगगाडीने उतारू नेले खरे. पण थोरल्या हंटलींच्या हातून घडलेल्या धंद्यात भरलेले डबे तयार होते, आणि तीच आगगाडी ते डबे नेऊ लागली. १८४६ मध्ये केनेट नदी व लोहमार्ग ह्यांच्या मधल्या जागेत मोठा कारखाना सुरू झाला. वृद्ध हंटली तेव्हा हयात होते. १८४९ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

पुढील इतिहास बहुतेक पामर घराण्याचा आहे, म्हणून तो आम्ही थोडक्यात सांगतो. १८५७ मध्ये थॉमस वारला, त्याचा पुत्र हेन्री आपला वाटा घेऊन धंद्यातून निघाला, आणि जॉर्ज पामर व त्याचे दोघे भाऊ मालक झाले. कारखान्यात हंटली आडनावाचा भागीदार उरला नाही. तरीही पामर बंधूंनी नाव बदलले नाही. डब्यावर हंटली आधी आणि पामर मागून, असेच ते शेवटपर्यंत राहिले. मालकी पूर्णपणे हाती आल्यावर भाऊ भावाचे नाव पाटीवरून पुसतो, असे आम्ही एकाहून अधिक गावांत पाहिले आहे.

१९०० च्या सुमारास त्या कारखान्यात पाच हजारांहून अधिक माणसे काम करीत होती व बिस्किटांचा तो जगातील सर्वांत मोठा कारखाना गणला जाई. रेडिंग तीन ब-कारांसाठी प्रसिद्ध झाले: बिअर, फुलझाडांचे बल्ब म्हणजे कंद, आणि बिस्किटे. त्यांतील पहिल्याविषयी आम्ही काही बोलत नाही. रेडिंग येथे बिस्किटे करण्याचे काम १९७६ मध्ये थांबले.

डब्यांची एक हकीकत राहिली. आफ्रिकेतील युगांडा देशात वाळवीचा उपद्रव फार. कागद व पुठ्ठा ती राहू देत नाही. तेथील ख्रिस्ती लोकांस लुगांडा भाषेत पवित्र शास्त्र मिळाले, तेव्हा त्याच्या काही प्रती मुद्दाम अरुंद व जाड बांधण्यात आल्या, आणि त्यांचे माप हंटली व पामर यांच्या बिस्किटांच्या डब्यावरून घेतले होते. बिस्किटे संपली की पुस्तक आत ठेवून झाकण लावीत, आणि वाळवी बाहेर राही.