पायांचा डॉक्टर, बुटांचा दुकानदार

पायाकडे आपलं लक्ष जातं ते तो दुखायला लागल्यावर. चेहऱ्यासाठी घरात आरसा असतो, केसांसाठी कंगवा असतो. पण दिवसभर आपलं ओझं वाहणाऱ्या पावलांच्या वाट्याला रात्री झोपताना फार तर घमेलंभर गरम पाणी येतं. एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. ही हाडं सपाट मांडलेली नसतात. जुन्या दगडी पुलाला असते तशी त्यांची एक कमान असते आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला एक चिवट पट्टा ती कमान धरून ठेवतो. पाऊल टेकलं की कमान किंचित दबते, उचललं की पुन्हा वर येते. ओल्या पायानं शहाबादी फरशीवर उभं राहून पाहा. टाच आणि चवडा उमटला आणि मधे आतल्या बाजूला कोरडी जागा राहिली, तर कमान आहे असं समजायचं. अख्खा तळवा उमटला तर पाऊल सपाट.

या कमानीखाली काय ठेवावं, म्हणजे माणसाचं चालणं सुखाचं होईल, या एका प्रश्नावर ज्यांनी अख्खं आयुष्य काढलं आणि भरपूर पैसाही मिळवला, ते विल्यम मथायस शोल. औषधांच्या दुकानात पिवळ्या-निळ्या वेष्टनावर हे नाव अनेकांनी वाचलं असेल. साबणाला किंवा बिस्किटाला द्यावं तसं हे कुणीतरी बसून तयार केलेलं नाव असावं, अशीच बऱ्याच जणांची समजूत असते. पण डॉक्टर शोल हा हाडामांसाचा माणूस होता. माझ्यासारख्या कादंबरीकाराला मोह पडावा असाच होता.

२२ जून १८८२ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, ला पोर्ट गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात विल्यमचा जन्म झाला. घरात तेरा मुलं. आजोबा चांभारकाम करणारे. तेरा मुलांचे बूट म्हणजे घरातलं एक न संपणारं काम! आज याचा तळ सुटला, उद्या तिची शिवण उसवली. विल्यमचा हात या कामात बसला. दोऱ्याला मेण लावून तो पक्का करायचा, घोड्यांचा चामडी साज शिवायचा आणि भावंडांचे बूट दुरुस्त करायचे, हे तो लहानपणीच करू लागला. सोळाव्या वर्षी घरच्यांनी त्याला गावातल्या एका बूट तयार करणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. वर्षभरानं तिथून तो शिकागोला गेला आणि एका बुटांच्या दुकानात नोकरीला लागला.

शिकागो तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. दिवसचे दिवस उभं राहून काम करणारी माणसं त्या शहरात हजारोंनी होती. रस्ते कडक, बूट त्याहून कडक. फॅशन म्हणून निमुळत्या टोकाचे बूट घालायचे आणि त्यात बोटं कोंबायची. दुकानात गिऱ्हाईक बसलं आणि त्यानं मोजे काढले की विल्यमसमोर काय काय येत असेल, याची कल्पना करा. कुरुपं, घट्टे, वाकडे झालेले अंगठे, खाली बसलेल्या कमानी. विल्यम बूट विकत होता, पण दुखणं बुटात आहे की पायात, हे सांगणारं त्या दुकानात कुणीच नव्हतं. डॉक्टरांना पावलात फारसा रस नव्हता आणि दुकानदाराला पावलाची फक्त लांबी-रुंदी ठाऊक होती.

ही दोघांच्या मधली मोकळी जागा या तरुणाला दिसली. त्यानं इलिनॉय मेडिकल कॉलेजात नाव घातलं. दुकानातली नोकरी चालूच होती. १९०४ मध्ये तो वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडला. वय बावीस. आता त्याला अरेतुरे करणं बरं नाही. तो डॉक्टर शोल झाला.

त्याच वर्षी डॉ. शोल यांनी आपला पहिला आधार तयार केला. नाव ठेवलं ‘फूट-ईझर’, म्हणजे पायाला आराम देणारा. कमानीला आधार देण्याची कल्पना त्यांचीच होती असं मात्र नाही. न्यूयॉर्कचे डॉ. रॉयल व्हिटमन यांनी त्याआधीच सपाट पावलांसाठी धातूची पट्टी तयार केली होती. पायाचा प्लॅस्टरमध्ये साचा काढायचा आणि त्यावर पत्रा ठोकून घडवायचा, अशी ती पद्धत. ती पट्टी कडक असे, आणि एका रोग्यासाठी घडवलेली दुसऱ्याच्या उपयोगाची नसे. साहजिकच खर्चाचं काम. शोल यांनी वर चामडं आणि खाली लवचीक धातूची स्प्रिंग असा आधार केला. पाऊल पडलं की तो दबायचा आणि उचललं की मूळ जागी यायचा. म्हणजे कमान स्वतः जे करते, तेच तिच्या खालच्या आधारानंही करायचं. शिवाय तो आधीच तयार करून ठेवता येत होता. दुकानात जा, घ्या, बुटात सरकवा आणि चालू लागा. चांभाराच्या नातवाचा हात आणि वैद्यकाचं पुस्तक या वस्तूत एकत्र आलं होतं.

यानंतरचे शोल विक्रेते म्हणून दिसतात, आणि हा भाग वाचताना बँकेतल्या माझ्या जुन्या दिवसांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. कर्ज मागायला येणारे दोन प्रकारचे लोक असत. एकाच्या हातात वस्तू असायची पण ती विकायची कशी हे ठाऊक नसायचं. दुसऱ्याच्या तोंडात विक्री असायची पण वस्तूचा पत्ता नसायचा. दोन्ही असलेला माणूस क्वचित येई. शोल तसे होते. ते खिशात माणसाच्या पावलाचा सांगाडा घेऊन फिरत. बुटांच्या दुकानात शिरायचं, तो काढून गल्ल्यावर ठेवायचा आणि मग दुकानदाराला कमान समजावून सांगायची. सांगाडा समोर असताना कोण दुर्लक्ष करणार? त्यांनी दुकानांतल्या नोकरांसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, म्हणजे बूट विकणाऱ्या पोराला पावलातल्या हाडांची माहिती व्हावी. अर्थात ती माहिती झालेला पोरगा शोल यांचाच माल विकणार, हेही उघड होतं.

१९१२ मध्ये त्यांनी शिकागोत पायांच्या आजारांचं शिक्षण देणारं एक कॉलेज काढलं. १९१५ मध्ये पावलाची रचना, विकृती आणि उपचार यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आणि दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, या ग्रंथकर्त्यानं सिंड्रेलाच्या नावानं एक स्पर्धा भरवली! देशातल्या स्त्रियांनी दुकानात यायचं, यंत्रावर पाऊल ठेवून ठसा उमटवायचा आणि त्यातून सर्वांत निर्दोष पाऊल निवडायचं. बक्षीस एकीलाच मिळणार होतं. बाकीच्या सगळ्या आपल्या पावलात काय कमी आहे हे कळून घरी जाणार होत्या. कमी कळली की इलाज तिथेच मांडून ठेवलेला होता. कुरुपावरच्या गोल चकत्या, टाचेखालच्या गाद्या, पावडरी, मलमं असं करत त्यांच्या मालाची यादी हजाराच्या घरात गेली. भाऊ फ्रँक लंडनला गेला आणि धंदा समुद्रापलीकडे पोचला.

इथे कुणालाही प्रश्न पडेल, आणि तो त्या काळातल्या डॉक्टरांनाही पडला होता. हा माणूस डॉक्टर की दुकानदार? ज्यानं रोग सांगायचा त्यानंच औषध विकायचं, आणि वर स्वतःच्या नावापुढचं ‘डॉक्टर’ डब्यावर छापायचं, हे वैद्यकीय व्यवसायाच्या शिष्टाचारात बसणारं नव्हतं. शोल यांच्या जाहिरातींकडे आणि त्यांच्या पदवीकडेही संशयानं पाहिलं गेलं. ज्या काळात ते शिकले, त्या काळात अमेरिकेत वैद्यकीय कॉलेजांचं पेव फुटलं होतं. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा प्रसिद्ध अहवाल आला आणि त्यानंतर त्यातली पुष्कळ बंद पडली. शोल मात्र आपल्या कामात राहिले.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. मुळात सपाट पाऊल हा आजार आहे का? पहिल्या महायुद्धाच्या काळात सपाट पावलांच्या तरुणांना सैन्यात घ्यायला अधिकारी कचरत. पण १९४७ मध्ये कॅनडात हॅरिस आणि बीथ या दोन डॉक्टरांनी साडेतीन हजारांवर सैनिकांची पावलं तपासून अहवाल प्रसिद्ध केला. पाऊल सपाट आहे पण लवचीक आहे, तर बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो, असं त्यांना आढळलं. आजचे अस्थिरोगतज्ज्ञही तेच सांगतात. दुखत नसेल तर सपाट पावलाला उपचाराची गरज नाही. लहान मुलांची पावलं तर सुरुवातीला सपाटच दिसतात आणि बहुतेकांची कमान वयाबरोबर आपोआप तयार होते. म्हणजे सिंड्रेला स्पर्धेतून खट्टू होऊन घरी गेलेल्या कितीतरी बायकांना काहीच झालेलं नव्हतं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. पन्नाशीनंतर माझी टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. टाचेपासून निघणारा तो चिवट पट्टा दुखावल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. एका दुकानात मला पायाचा खास साचा घेऊन तयार होणारा महागडा आधार घ्यायचा आग्रह झाला. डॉक्टरांनी आधी तयार मिळणारा साधा मऊ आधार वापरून बघायला सांगितलं, शिवाय पोटरी ताणायचे व्यायाम. काही महिन्यांत पाऊल ताळ्यावर आलं. पुढे वाचनात आलं की, अशा टाचदुखीत तयार आधार आणि साच्यावरून घडवलेला आधार यांच्या परिणामात फारसा फरक पडत नाही, असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं आहे. शोल यांनी १९०४ मध्ये जी पैज लावली होती, ती हीच. सगळ्यांना परवडेल असा, आधीच करून ठेवलेला आधार बहुतेकांना पुरतो.

आपल्या देशात पायाखालच्या मऊपणाला याहून मोठा अर्थ आला तो वेल्लोरला. डॉ. पॉल ब्रँड तिथे कुष्ठरोग्यांवर काम करत होते. बधिर झालेल्या पावलाला दुखणं कळत नाही, म्हणून जखमा होतात आणि चिघळतात, हे त्यांनी दाखवून दिलं आणि या रुग्णांसाठी मऊ, सच्छिद्र रबराच्या चपलांवर भर दिला. तसल्याच रबराच्या चपला आज मधुमेहींना दिल्या जातात. शोल दुखणाऱ्या पायांचा विचार करत होते आणि ब्रँड न दुखणाऱ्या पायांचा. दोघांच्या हाती शेवटी पादत्राणच आलं.

शोल यांनी लग्न केलं नाही. एवढा पैसा मिळवूनही ते शिकागोतल्या एका क्लबातल्या खोलीत राहिले. कादंबरी लिहायची तर मी त्या खोलीपासून सुरुवात करीन. माल तिथे, कॉलेज तिथे, जगभर दुकानं, आणि घर म्हणावं असं काही नाही. २९ मार्च १९६८ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी ते गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांत पुतण्यानं लोकप्रिय केलेल्या लाकडी सँडल युरोप-अमेरिकेतल्या तरुण मुली हौसेनं घालत होत्या. आपल्या खडावांची आठवण व्हावी, असंच ते पादत्राण! १९७९ मध्ये कंपनी एका मोठ्या औषध कंपनीनं विकत घेतली. पुढे डब्यावरचं नाव राहिलं, माणूस विसरला गेला.

कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही शेवटी एक गोष्ट पाहत असू. या माणसानं मिळवलेला पैसा गेला कुठे आणि मागे काय राहिलं? शोल यांच्या खात्यात जाहिरातीची अतिशयोक्ती आहे, नको तिथे विकलेले आधार आहेत, ते वजा करावेच लागतात. पण १९१२ चं ते कॉलेज आजही चालू आहे. शिकागोजवळच्या रोझलिंड फ्रँकलिन विद्यापीठाचा ते भाग झालं आहे आणि शोल यांचंच नाव लावतं. तिथून शिकून बाहेर पडणारे डॉक्टर मधुमेह्यांची पावलं तपासतात, जखम वेळीच ओळखतात आणि कितीतरी पाय कापण्यापासून वाचवतात. बाकीची वजाबाकी करून ही रक्कम शिल्लक राहते, आणि माझ्या मते ती मोठी आहे.

आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. पायाचा स्वतंत्र डॉक्टर मात्र अजून मोजक्याच शहरांत सापडतो. तोवर हे काम घरच्यांनीच करायचं आहे. आज रविवार आहे, सगळे घरात आहेत. घरात कुणाला मधुमेह असेल तर जेवण झाल्यावर त्यांना उजेडात बसवा आणि दोन्ही तळवे, टाचा, बोटांमधली जागा नीट पाहा. स्वतःचा तळवा म्हाताऱ्या माणसाला वाकून दिसत नाही.