आगबोटीवरून उतरलेले बाबासाहेब



बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले होते हे आपल्या कामोठ्यातलं बालवाडीतलं पोरसुद्धा सांगेल. जयंतीच्या भाषणात आपण ते एका वाक्यात उरकतो आणि पुढे महाडच्या तळ्यावर जातो. पण ते जाणं कसं होतं आणि येणं कसं होतं हे फार कोणी सांगत नाही. मी गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा पाळी सुटल्यावर परळच्या बी. आय. टी. चाळीवरून चालत जायचो. एक नंबरच्या चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेबांचं बिऱ्हाड होतं, हे मला एका जुन्या साचेवाल्याने दाखवलं. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यात आहे. वाचून वाचून जेवढी पक्की झाली तेवढीच इथे लिहितो.

१९१३ साल भीमरावांसाठी वाईटच सुरू झालं होतं. बी. ए. होऊन ते बडोद्याला नोकरीला गेले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरतेला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार रामजी गेले. ज्या बापाने पोराच्या पुस्तकांसाठी उधारउसनवार केली, तोच पोराची आगबोट बघायला राहिला नाही.

सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्या वर्षी काही विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात पाठवायचं ठरवलं होतं, त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. वय बावीस. घरी रमाई आणि सहा महिन्यांचा यशवंत. रमाईंच्या बाजूने या कराराकडे कोणी बघत नाही. नवरा सातासमुद्रापार, सासरा नुकताच गेलेला, आणि घर चालायचं ते साडेअकरा पौंडांतून वाचवून जे येईल त्यावर आणि दीर आनंदरावांच्या आधारावर.

आता आपल्या उशाला विमानतळ झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. आपली मुलं रात्री बसली की दुसऱ्या दिवशी अमेरिकेत उतरतात. त्या काळी तसं नव्हतं. आगबोट अरबी समुद्र ओलांडून, तांबड्या समुद्रातून सुवेझचा कालवा धरून युरोपकडे जायची आणि तिथून पुढे अटलांटिक महासागर. जूनमध्ये करार केलेले भीमराव जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कला पोचले. समुद्र ओलांडला की जात जाते, असं सनातनी लोक तेव्हा मानत. विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावत. आपल्या माणसाच्या बाबतीत मात्र ते वेगळ्याच अर्थाने खरं झालं.

न्यूयॉर्कमध्ये ते आधी विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण काही मानवलं नाही. आठवडाभरात कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तिथे एकाच मेजावर सगळ्यांबरोबर बसून जेवायचं, एकाच नळाचं पाणी प्यायचं, वर्गात वाटेल त्या बाकावर बसायचं. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसलेल्या मुलाला हे काय वाटलं असेल! सुरुवातीचे काही महिने भीमरावसुद्धा मित्रांबरोबर हिंडले-फिरले, नाटकं बघितली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपण त्यांना जन्मापासून पुस्तकात बुडालेले दाखवतो. मग एका रात्री घरची माणसं आठवली, आपण इथे कशासाठी आलो हा प्रश्न उभा राहिला, आणि तिथून अभ्यास धरला तो धरलाच. ग्रंथालय उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू मिळाले. वडिलांच्या ओळखीच्या एका लष्करी गृहस्थाला त्यांनी तिथून पत्र लिहून मुलीला शिकवण्याचा आग्रह केला. बाविशीतल्या पोराला पहिल्या काही दिवसांत हे सुचलं, याचं मला जास्त नवल वाटतं.

१९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ घेतले. ते एका ओळखीच्या माणसाजवळ ठेवले, त्यांतले बरेच पुढे गहाळ झाले. मग पुन्हा बोट धरून लंडन. तिथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी दोन्हीची सुरुवात झाली, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावलं.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. पाणबुड्या बोटी बुडवत होत्या. बाबासाहेब मार्सेलिस बंदरातून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीवर चढले, सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवली. एक बोट बुडाल्याची बातमी मुंबईला आली तेव्हा चाळीत काय कालवाकालव झाली असेल ती आपण समजू शकतो. बुडाली ती सामानाची बोट. २१ ऑगस्ट १९१७ ला बाबासाहेब मुंबईच्या धक्क्यावर सुखरूप उतरले.

बुडालेल्या सामानाची भरपाई सहाशे रुपये मिळाली. त्याच पैशांवर ते सप्टेंबरमध्ये बडोद्याला गेले. चार वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसूनच गेली होती, असं त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. ती बडोद्याच्या स्टेशनावर परत आली, कारण राहायला खोली कोण देणार? पारशी नाव सांगून एका पारशी उतारगृहात राहिले. रोजचे दीड रुपये. कचेरीत शिपाई कागद हातात न देता फेकायचे. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी जिन्याने वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घ्यायला अडचण सांगितली. न्यूयॉर्कचा एम. ए. कमाठी बागेत झाडाखाली रात्रीच्या गाडीची वाट बघत बसला.

न्यूयॉर्कमध्ये ओळखपाळख नसताना जागा मिळाली, आणि ज्या राजाने पाठवलं त्याच्याच गावात मिळाली नाही. उतारगृहातून हाकलणारे पारशी होते म्हणून कोणी त्या समाजावर राग धरू नये. कारण मुंबईला येऊन बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पै पै साठवली, आणि लंडनचं राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि पाच हजार रुपये उसने दिले ते लिव्हिंगस्टन हॉलमधल्या नवल भथेना यांनी. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा आगबोटीवर चढले. रमाई पुन्हा चाळीतच राहिल्या.