जिन्याखालच्या जनरेटरचा जनक

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. रुग्णालये जनरेटरवर गेली आणि घरे मात्र तशीच बसून राहिली. करोनाचे दिवस होते. असा खोळंबा झाला की घरी एक जनरेटर असावा, हा विचार मनात येतोच. नवी मुंबईतल्या करावे गावठाणासारख्या ठिकाणी हा विचार जरा अवघड होतो. घराला घर लागून, मधे चिंचोळी गल्ली, पाणी वर चढवायला पंप आणि एखाद्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले आजोबा. जनरेटर घ्यायचा तर कोणता, आणि ठेवायचा कुठे? जागा नाही म्हणून बरेचदा तो जिन्याखाली जातो. या प्रश्नांकडे वळताना, ज्या माणसाचे आडनाव आपण पेट्रोल पंपावर रोज उच्चारतो, त्याचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील बव्हेरियातले जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. रुडॉल्फ बारा वर्षांचा असताना फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले आणि डिझेल कुटुंब लंडनला गेले. हातात पैसा नव्हता. मुलाला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवण्यात आले. तिथून शिष्यवृत्तीवर तो म्युनिकच्या तंत्रशाळेत पोचला. १८७९ मध्ये विषमज्वराने अंथरुणाला खिळल्यामुळे त्याची अंतिम परीक्षा हुकली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याने ती दिली आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

म्युनिकला त्याचे शिक्षक होते शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फोन लिंडे. वाफेच्या इंजिनात कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा, कित्येकदा त्याहून कमी, कामी येतो आणि बाकीची धुराड्यातून निघून जाते, हे त्यांच्या वर्गात ऐकलेले गणित रुडॉल्फच्या डोक्यातून पुढे कधी गेले नाही. लिंडे यांच्याच बर्फाच्या कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी आधी वाफेऐवजी अमोनियावर चालणारे इंजिन करून पाहिले. त्यात काही वर्षे गेली, हाती फारसे लागले नाही.

मग सुचली ती कल्पना तशी साधी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड तापते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापेल की तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेट घेईल. ठिणगी लागणारच नाही. १८९३ मध्ये त्यांना या कल्पनेचे पेटंट मिळाले. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याने जागा आणि माणसे दिली, क्रुप कंपनीने पैशाचा भार उचलला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत आत इंधन सोडताच स्फोट झाला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभे असलेले लोक थोडक्यात बचावले. डिझेल यांना मात्र त्यात आनंदच झाला असावा, कारण इंधन ठिणगीवाचून पेटते हे सिद्ध झाले होते. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम मिनिटभर चालले. त्यानंतर आणखी तीन वर्षे खपल्यावर, फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी अधिकृत मोजमाप केले. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के.

हा आकडा आज घरगुती जनरेटर घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. आजचा लहान जनरेटर त्यातले जेमतेम तीन युनिट विजेच्या रूपात परत देतो. म्हणजे एका युनिटला लिटरचा तिसरा हिस्सा, किंबहुना थोडे जास्तच डिझेल जाते. शिवाय हे इंजिन तापलेले आणि भाराखाली असतानाच नीट चालते. मोठा पाच केव्हीएचा संच आणून त्यावर चार पंखे आणि दिवे चालवले, तर इंधन अर्धवट जळते, काजळी साचते आणि यंत्र लवकर खराब होते. मोठे घेतले की चिंता मिटली, हा हिशेब इथे चुकतो.

आधी भार मोजावा. एलईडी दिवे, तीन-चार पंखे, फ्रिज आणि वायफाय मिळून पाचशे वॅटच्या आसपास जातात. पाच लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला आणखी साधारण साडेतीनशे वॅट लागतात. एक अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे एक किलोवॅट खातो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढतो. जनरेटरचा आकार वाढतो तो या एका क्षणामुळे. पंपासाठी वीज येण्याची वाट पाहता येत असेल, टाकी मोठी असेल, तर बहुतेक घरांना इन्व्हर्टर पुरतो. १५० अँपिअर-अवर आणि बारा व्होल्टची एक बॅटरी तीनशे वॅटचा भार चारेक तास ओढते. कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात याला जोड म्हणून भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हवाच. यंत्र कोणतेही असो, ते ऐनवेळी दगा देऊ शकते.

१८९७ नंतर डिझेल यांच्याकडे पैसा धावत आला. अमेरिकेतल्या हक्कांसाठी बिअरचे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. म्युनिकमध्ये महालासारखे घर उभे राहिले. शरीर मात्र साथ देईना. डोकेदुखी जुनीच होती. त्यात पहिली विकलेली इंजिने गिऱ्हाइकाकडे बंद पडू लागली, पेटंटवरून वाद झाले आणि १८९८ च्या शरद ऋतूत ते मानसिकदृष्ट्या कोलमडले. काही महिने उपचारगृहात काढावे लागले. आज आपण ज्याला अतिताण म्हणतो, त्याला तेव्हा विश्रांतीखेरीज औषध नव्हते, आणि विश्रांती त्यांच्या स्वभावात नव्हती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. आपल्याकडे १० ऑगस्टला जैवइंधन दिन पाळतात, तो ऑग्सबर्गच्या त्या चाचणीच्या आठवणीने. दरम्यान तेलाच्या विहिरी आणि जमिनींत घातलेले पैसे बुडत गेले.

इंजिन मात्र मोठे होत गेले. १९१२ मध्ये कोपनहेगनमध्ये बांधलेले सेलांडिया हे जहाज डिझेल इंजिनावर थेट बँकॉकच्या सफरीला निघाले, आणि जहाजावरचा कोळसा झोकणारा माणूस कालबाह्य ठरायला सुरुवात झाली. करावे इथल्या टी. एस. चाणक्य संस्थेत व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडतात. त्यांना पुढे ज्या जहाजांवर जायचे असते त्यांतली बहुतेक याच तत्त्वावर चालतात. जहाजावर वीज गेली तर काय, याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत आणि घरालाही लागू पडावेत इतके शहाणपणाचे आहेत. आपत्कालीन जनरेटर मुख्य यंत्रघरात ठेवायचा नाही. तो वर, उघड्या डेकवरून पोचता येईल असा हवा. वीज गेल्यावर ४५ सेकंदांच्या आत त्याने सूत्रे घ्यायला हवीत. मालवाहू जहाजात त्याला अठरा तासांचे इंधन लागते. आणि तो ठरावीक काळाने चालवून पाहायचा असतो.

गावठाणात नेमके उलटे होते. जनरेटर जिन्याखाली किंवा तळघरात जातो, जिथे पावसाचे पाणी सगळ्यात आधी शिरते आणि धूर सगळ्यात शेवटी बाहेर पडतो. पेट्रोलच्या छोट्या जनरेटरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. डोके दुखते, मळमळते, झोप येते. झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. खिडकी उघडी आहे, या भरवशावर राहू नये. डिझेलच्या संचातून हा वायू कमी निघतो, पण त्याच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. म्हणून संच गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत, दारे-खिडक्यांपासून आणि शेजाऱ्याच्याही खिडकीपासून लांब हवा. तशी जागा नसेल तर जनरेटर घेऊच नये. इन्व्हर्टरची बॅटरी मोठी करावी. घेतलाच तर १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या उत्सर्जन निकषांत बसणारा, ध्वनिरोधक पेटीतला संच बघावा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो नसला तर घरातली वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी रुडॉल्फ डिझेल अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाले. इप्सविचला त्यांच्या इंजिनांचा नवा कारखाना सुरू व्हायचा होता. जेवण झाले, रात्री दहाच्या सुमारास ते केबिनमध्ये गेले आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवले. सकाळी बिछाना न वापरलेला दिसला. त्यांची टोपी आणि कोट डेकवर कठड्याजवळ घडी करून ठेवलेले होते. ते पंचावन्न वर्षांचे होते आणि कर्जात बुडालेले होते. आत्महत्या, अपघात की घातपात यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. पुराव्याने बोलायचे तर बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. समुद्र खवळलेला होता, म्हणून खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी तो पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत, हे पुढे मुलगा ऑयगेन याने ओळखले.