मुंबईत सायकल बघितली, बेळगावात दुकान टाकलं; लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात अशी झाली

इन्स्टा उघडलं की हल्ली एक रील हमखास समोर येतं. कुणीतरी आजोबांची जुनी सायकल माळ्यावरून खाली काढतो. गंज खरवडतो, चेन रॉकेलमध्ये बुडवतो, बेअरिंगच्या गोळ्या नव्या घालतो, चाकाचा आउट काढतो आणि शेवटी पहाटेच्या उजेडात घंटी वाजवत निघतो. खाली हजारो बदाम.

कोकणात तर हा नाद जास्तच अवघड. रत्नागिरीसारख्या ठिकाणी समुद्राची खारी हवा लोखंड वर्षभरात खाऊन टाकते, आणि घरातून बाहेर पडलं की एकतर चढ असतो नाहीतर उतार. तरी लोक पडवीत पडलेल्या रॅले आणि हर्क्युलिस पुन्हा रस्त्यावर आणतात. ज्याने एकदा हब खोलून परत बसवलाय त्याला विचारा, चालवण्याच्या आधीची ती काळ्या हातांची दुपारच जास्त लक्षात राहते.

आता गंमत बघा. महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगघराण्यांपैकी एकाची सुरुवात या सायकलच्याच नादातून झालीये. हे घराणं म्हणजे किर्लोस्कर.

पंप, इंजिनं, मोटारी म्हटलं की किर्लोस्कर आठवतात. पण या सगळ्याच्या आधी होती सायकल.

आडनावापासूनच सुरुवात करू. किर्लोस्कर म्हणजे किर्लोस गावचे. हे गाव मालवण तालुक्यातलं. आज ते सिंधुदुर्गात येतं, पण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. म्हणजे मूळ जुन्या रत्नागिरीचं. पुढे घराणं घाटावर गेलं आणि बेळगाव भागात स्थिरावलं. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच घराण्यातले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, चर्चा, शास्त्र. आणि या पोराचं लक्ष मात्र पुस्तकात नाही. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्राशी खेळणं.

त्या काळात ब्राह्मणाच्या पोराने शिकून कारकून व्हावं, मामलेदार व्हावं, फार तर वकील व्हावं. चित्रकार व्हायचंय म्हटल्यावर घरात काय झालं असेल याचा अंदाज करा. पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं गेली आणि एक भलतीच अडचण समोर आली. लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. अंशतः रंगांधळेपण. चित्रकार व्हायला घरच्यांशी भांडून आलेल्या पोराला रंगच नीट दिसत नाहीत, यापेक्षा वाईट ते काय?

दुसरा कुणी असता तर गाव गाठलं असतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत, लागते ती नजर आणि माप. त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग शिकून घेतलं आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहायक शिक्षक म्हणून नोकरी मिळवली. आज आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो तीच ही संस्था. शिकवायचं ड्रॉइंग, पण फावल्या वेळात माणूस वर्कशॉपमध्ये. कुठलं यंत्र कसं चालतं, बिघडलं तर कुठे बिघडतं, हे सगळं त्यांनी तिथेच हाताने करून शिकलं.

याच मुंबईच्या दिवसांत त्यांनी रस्त्यावर एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना पाहिलं.

आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण काळ कुठला ते बघा. दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला चेन, ही आजच्या सायकलची ठेवण इंग्लंडमध्ये जॉन स्टार्लीने १८८५ साली बाजारात आणली होती. त्याआधी पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि मागचं टीचभर, असा प्रकार असायचा. पडला की थेट तोंडावर. हवा भरलेल्या टायरचं पेटंट डनलॉपने घेतलं १८८८ साली. म्हणजे लक्ष्मणरावांनी सायकल बघितली तेव्हा ती यंत्रांच्या दुनियेतली अगदी ताजी गोष्ट होती.

आणि ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसासाठी सायकल म्हणजे उघडं पुस्तकच. झाकलेलं काहीच नाही. पेडल फिरतं, दाते चेन ओढतात, चेन चाक फिरवते, बारीक तारांच्या ताणावर पूर्ण माणसाचं वजन तोललं जातं. एकेक भाग डोळ्यांनी दिसतो, हाताने खोलता येतो, परत बसवता येतो. घोड्याला चारा लागतो, बैलाला पाणी लागतं. हिला थोडं तेल.

इथून भावाभावांची जोडी जमली. लक्ष्मणराव मुंबईत आणि रामूअण्णा बेळगावात. मुंबईत सायकल घ्यायची, बेळगावला पाठवायची, तिथे रामूअण्णांनी विकायची. वर्ष १८८८. दुकानाचं नाव ठेवलं किर्लोस्कर ब्रदर्स. ब्रदर्स म्हणजे खरोखरचे दोन भाऊ. आजही कंपनी आपली स्थापना याच वर्षापासून मोजते.

धंदा मात्र सोपा नव्हता. किर्लोस्करांच्या गोष्टीत काही आकडे नेहमी येतात. सायकलची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपयांच्या घरात जायची, आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे. पगाराचे आकडे रुपयांत मोजले जायचे त्या काळात सातशे म्हणजे साधी रक्कम नव्हे. गिऱ्हाईक कोण? वकील, डॉक्टर, सरकारी साहेब, एखादा हौशी जहागीरदार.

बरं, सायकल विकली म्हणजे काम संपलं असंही नाही. गिऱ्हाइकाला ती चालवता आली पाहिजे. आपण लहानपणी हाफ पेडल मारत, गुडघे फोडून घेत फुकटात शिकलो. पण पागोटं घातलेल्या पन्नाशीच्या वकिलाला भर रस्त्यात दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकवणं ही वेगळीच कसरत. म्हणून शिकवणीचे पैसे.

आणि दुरुस्ती. रस्ते मुरमाचे, त्यावर बैलगाड्यांची चाकोरी. रिम वाकणार, तारा तुटणार, पंक्चर होणार. सुटा भाग हवा तर तो विलायतेहून येणार, आणि तोपर्यंत सायकल भिंतीला. मग जे वाकलंय ते सरळ करा, जे तुटलंय ते आपल्या हाताने घडवा. जुन्या सायकली उभ्या करणाऱ्यांना हे आजही पटेल, कारण सत्तर वर्षांपूर्वीच्या मॉडेलची कॉटर पिन दुकानात मिळत नाही, ती लेथवाल्याकडूनच करून घ्यावी लागते.

इकडे मुंबईत नोकरी चालू होती. तिथे लक्ष्मणरावांची बढती ठरल्यासारखीच होती. काम त्यांचं, अनुभव त्यांचा. पण जागा गेली एका अँग्लो-इंडियन माणसाला. तो ब्रिटिशांचा काळ होता, यात कुणाला आश्चर्य वाटलं नसेल. लक्ष्मणरावांना मात्र ते सहन झालं नाही. १८९७ साली त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. पक्की नोकरी सोडून सायकलच्या दुकानात. बायकोमुलांची जबाबदारी असलेल्या माणसाने.

बेळगावात आल्यावर त्यांना दिसलं की खरं गिऱ्हाईक शेतकरी आहे. सायकल घेणारे वकील, डॉक्टर संपून संपून किती पुरणार? पण कडबा प्रत्येक गोठ्यात लागतो. मग त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. ते चाललं. त्यानंतर हात घातला लोखंडी नांगराला.

आणि इथे माणूस अडकला.

शेतकरी म्हणाले लोखंडाने जमीन विषारी होते. पिढ्यानपिढ्या लाकडी नांगर चालत आलाय, हे नवीन कशाला? नांगर तयार, पण घेणारा नाही. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. हा काळ आपण एका वाक्यात वाचतो, पण दोन वर्षं दुकानात रोज तोच माल बघत बसणं काय असतं हे धंदा केलेल्यालाच कळेल. ज्यांनी नांगर घेतले त्यांच्या तक्रारी आल्या की लक्ष्मणराव ऐकून घ्यायचे आणि फाळ बदलायचे. लवकर झिजतोय? मग लोखंड कडक करा. हळूहळू विलायती नांगराशी टक्कर देणारा माल तयार झाला.

जरा गाडी रुळावर येतेय तोवर बेळगावात जागा सोडायची वेळ आली. शहराच्या वाढीसाठी ती जमीन हवी होती. कारखाना उचला आणि जा. पण जायचं कुठे?

मदतीला आले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. हे स्वतः चित्रकार, लक्ष्मणरावांशी जुनी ओळख. आधी त्यांनी औंधला सभामंडप बांधायचं काम दिलं, म्हणजे हाताला काम आणि चार पैसे. मग कारखान्यासाठी बिनव्याजी दहा हजार रुपये आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन.

ही जमीन म्हणजे ओसाड माळ. निवडुंग आणि साप. पाणी नाही, सावली नाही. १९१० च्या मार्चमध्ये मंडळी तिथे उतरली. रामूअण्णांनी वसाहत उभी करायचं काम घेतलं, शंभूअण्णा जांभेकर यंत्रांकडे, मंगेशराव रेगे हिशेबाला, के. के. कुलकर्णी विक्रीला. यातल्या कुणाकडे मोठ्या पदव्या होत्या असं नाही. राखणीला ठेवलेल्यांत तर पूर्वी तुरुंगात जाऊन आलेली माणसं होती. लक्ष्मणरावांनी त्यांच्याच हातात वस्तीची सुरक्षा दिली. शिवाशिव पाळायची नाही हाही इथला नियम, आणि तो त्या काळात सोपा नव्हता.

माळावर गाव झालं. किर्लोस्करवाडी. स्टेशनचं नावही बदललं.

पहिलं महायुद्ध आलं आणि विलायती लोखंड बंद झालं. नांगराला मागणी, पण ओतायला धातू नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा देऊ केल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. मोडीत पडलेल्या वस्तूकडे बघायची किर्लोस्करांची नजर पहिल्यापासून अशीच होती.

पुढचं बहुतेकांना माहिती आहे, म्हणून भरभर सांगतो. १९२० साली मर्यादित कंपनी. १९२६ मध्ये पंप. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून शिकून आला आणि कारभार वाढला. १९४६ ला पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळूरला विजेच्या मोटारी.

आणि एक धागा पुन्हा रत्नागिरीत जातो. १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या बातम्यांसाठी एक पत्रक काढलं, किर्लोस्कर खबर. त्याचं पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, १९२४ ते १९३७. यंत्रयुग, विज्ञान, जुन्या रूढी यांवरचे त्यांचे लेख याच मासिकात यायचे. म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून घाटावर गेलेल्या घराण्याचं मासिक, आणि त्यासाठी लेख यायचे रत्नागिरीतून.

लक्ष्मणरावांच्या वाट्याला म्हातारपणी एक मोठा घाव आला. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला जमावाने आग लावली. ऐंशीला आलेला माणूस, आणि समोर चाळीस वर्षांचं काम जळतंय. कारखाना पुन्हा उभा राहिला, चालू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होतं त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. गर्दीचा बाजाररस्ता आहे. कधी गेलात तर गाडी लांब लावा आणि आत चालत जा. किंवा माळ्यावरची ती सायकल दुरुस्त झाली असेल तर तीच काढा.