रुग्णाला उचलताना : सावित्रीबाई फुले यांच्या आयुष्यातून काय शिकाल?

घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर त्याला कुशीवर वळवणे, उठवून बसवणे, खुर्चीत नेणे ही कामे दिवसातून अनेकदा तुम्हालाच करावी लागतात. गडहिंग्लजच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर यासाठी परिचारिका सहसा घरी येत नाही. बायको, मुलगा, सूनच हे करतात. सावित्रीबाई फुले तुम्हाला शिक्षिका म्हणून माहीत आहेत, पण त्यांनी रुग्णसेवाही केली होती.

घरातला पक्षाघात

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्या तिथे शिकवू लागल्या. पुढे चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, जोतीरावांना पक्षाघात झाला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले आणि आपले शेवटचे पुस्तक त्यांनी तसेच पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर हे लक्षात ठेवा:

- लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. खांदा निखळू शकतो.
- खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला ठेवा. चाकाची असेल तर आधी ब्रेक लावा.
- रुग्णाचे पाय जमिनीवर टेकवा, कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा आणि त्याला पुढे झुकून उठायला सांगा. त्याला जमेल तेवढे त्यालाच करू द्या.
- तुमचे पाय फाकवून ठेवा, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. कमरेत पीळ देऊ नका, पाय उचलून वळा.
- पलंगावर वर सरकवायचे असेल तर खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुहेरी चादर घाला. दोघांनी दोन बाजूंना धरून, एक-दोन-तीन म्हणत सरकवा, उचलू नका.

पाठीवरचा मुलगा

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. दोघांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या वस्तीवरचा एक मुलगा प्लेगने आजारी आहे हे कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तेव्हा त्यांचे वय ६६ होते. रुग्णसेवा करताना त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या काळी प्लेगवर प्रतिजैविके नव्हती, बोलावताच दारात येणारी रुग्णवाहिकाही नव्हती. त्यांनी जे केले ते दुसरा मार्ग नसताना केले. तुमच्याकडे मार्ग आहेत:

- १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मागवा.
- रस्ता अरुंद असेल तर रुग्णाला मजबूत खुर्चीत बसवून दोघातिघांनी खुर्ची उचला.
- ताप-खोकल्याचा रुग्ण असेल तर मास्क लावा आणि नंतर साबणाने हात धुवा.
- झाडावरून किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाला मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर झाले असतील, तर जागेवरचा धोका टाळण्याशिवाय हलवू नका. मान स्थिर धरून मदतीची वाट पाहा.

स्वतःकडेही पाहा

मदत मागितली म्हणजे सेवेत कमी पडलो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. तुमची कंबर धरली तर रुग्णाला उठवणार कोण? जड रुग्णाला एकट्याने उचलू नका, शेजाऱ्याला हाक मारा. कंबरदुखी पायात उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.